सुईने दंड फुगतो, पण आत काय होतं?

आमच्या बसवनगुडीजवळ, जे. सी. रोडवर, के. व्ही. अय्यर यांची व्यायामशाळा होती. त्यांचं ‘मसल कल्ट’ हे पुस्तक १९३० चं. प्रयोगशाळेत टेस्टोस्टेरॉन बनलं १९३५ मध्ये. म्हणजे ते पिळदार शरीर सुईचं नव्हतं, बरं का!

आता जिममधली पोरं मला विचारतात, “काका, एक सायकल घेतली तर काय बिघडतं?”

बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. अंडकोशांना काम करा म्हणून जाणारा निरोपच तो थांबवतो. ते आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, काहींचे तर शून्यावर येतात. सुई सोडल्यावर गाडी रुळावर यायला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. त्या दिवसांत थकवा, उदासी. मग पोरगा पुन्हा सुईकडेच वळतो.

हृदय आरशात दिसत नाही. त्याची भिंत जाड होते, रक्त दाट होतं, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं. गोळ्या यकृतालाही बाधतात.

दम्यासाठी डॉक्टर देतात ते स्टिरॉइड वेगळं; घाबरून ते बंद करू नका.

आणि कोणी आधीच घेत असेल, तर डॉक्टरांना औषधाचं नाव, डोस, किती आठवडे, सगळं सांगा. ते रागावतील, पण तपासण्या नेमक्या लिहून देतील.