मालमोटारींचा टायरस्फोट

मालमोटारीच्या (ट्रकच्या) टायरचा सांगाडा एकाएकी फाटून त्यात दाबाखाली कोंडलेली हवा क्षणार्धात बाहेर पडणे, यास टायरस्फोट म्हणतात. खिळा वा काच घुसून हवा हळूहळू निघून जाते ते पंक्चर यापासून भिन्न होय. टायरची धाव (जमिनीवर टेकणारा जाड रबरी थर) सांगाड्यापासून सुटून फेकली जाणे, हा टायरस्फोटाशी निकटचा संबंध असलेला दुसरा प्रकार आहे. या दोन्ही प्रकारांत मालमोटारीच्या चालकास केबिनचे संरक्षण असते. शेजारून किंवा मागून जाणाऱ्या मोटारसायकलस्वारास असे कोणतेच आवरण नसते. टायरची निगा ज्याच्या हाती नाही, त्यालाच तिच्या अभावाचे परिणाम भोगावे लागतात, हे या अपघाताचे वैशिष्ट्य आहे. टायर ‘अचानक’ फुटला असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी बहुतेक स्फोटांची तयारी टायरमध्ये कित्येक तास, कधी कित्येक आठवडे, आधीपासून चालू असते.

इतिहास : हवा भरलेल्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये मांडली व जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये ती व्यवहारात आणली. प्रारंभीच्या मालमोटारींना मात्र भरीव रबरी टायर असत. ते फुटण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्यांच्यामुळे वेग मर्यादित राही व रस्ते खराब होत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मालमोटारींना हवेचे टायर बसविण्याचे प्रयोग अमेरिकेत यशस्वी झाले व पुढील काळात भरीव टायर मागे पडले. फ्रान्समधील मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये रेडियल (अरीय) टायरचे एकस्व घेतले. यात सांगाड्याच्या तारा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडव्या सरळ जातात व धावेखाली पोलादी पट्टे असतात. भारतात एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मालमोटारींना मुख्यतः तिरप्या थरांचे (बायस) नायलॉनचे टायर वापरीत. त्यानंतर पोलादी तारांच्या रेडियल टायरांचा प्रसार झाला.

टायरमध्ये साठलेली ऊर्जा : मोटारसायकलच्या टायरमध्ये साधारणपणे दर चौ. सेंमी.ला २ ते २.५ किग्रॅ. दाब असतो, मालमोटारीच्या टायरमध्ये तो ७ ते ८.५ किग्रॅ. असतो. भारतात सर्रास आढळणाऱ्या १०.००–२० या मापाच्या टायरचा बाह्य व्यास सु. १०५ सेंमी. असून त्यात सु. १३० लिटर हवा मावते. ८ किग्रॅ. दाबाची एवढी हवा झपाट्याने प्रसरण पावून वातावरणाच्या दाबास आली, तर ढोबळ हिशेबाने सु. १.३ लक्ष जूल ऊर्जा मुक्त होते. एक टन वजन १३ मी. उंच उचलण्यास एवढी ऊर्जा लागते. तिचा काही भाग आवाजात व टायरच्या चिंध्या करण्यात खर्च होतो व उरलेला भाग हवेचा झोत आणि उडणारे तुकडे यांच्या गतीच्या रूपाने बाहेर पडतो.

स्फोटाची कारणे : टायरचा जो भाग जमिनीवर टेकतो तो दबतो व पुढे जाताच पुन्हा मूळ आकार घेतो. दबताना घेतलेली सर्व ऊर्जा रबर परत देत नाही. तिचा काही अंश उष्णतेच्या रूपाने रबरातच राहतो. या गुणधर्मास मंदायन म्हणतात. हवा योग्य दाबाची असेल तर निर्माण होणारी उष्णता व बाहेर जाणारी उष्णता यांचा मेळ बसतो. हवा कमी असेल, बोजा अधिक असेल किंवा वेग जास्त असेल, तर हा मेळ बिघडतो. रबर हे उष्णतेचे मंदवाहक असल्याने जाड भागाच्या, विशेषतः धावेच्या कडेखालील भागाच्या, अंतरंगात तापमान चढत जाते. ते सु. १२०° से.च्या पलीकडे गेल्यावर रबर व तारा यांची पकड झपाट्याने कमी होते, थर सुटू लागतात आणि सुटलेल्या थरांच्या घर्षणाने आणखी उष्णता निर्माण होते.

पोलादी तारांच्या रेडियल टायरमध्ये कमी हवेवर धावल्याने बाजूच्या भिंतीतील तारा वारंवार वाकून थकतात. त्यांपैकी एक तुटली की तिचा भार शेजारच्या तारांवर पडतो व त्या ओळीने तुटत जाऊन भिंत एका रेषेत उसवते. असा टायर बाहेरून धडधाकट दिसू शकतो. म्हणून ठरविलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी दाबावर धावलेला टायर रिमवरून उतरवून आतून तपासावा, असा दंडक टायर उद्योगात मानला जातो. दगड, खड्डे व रस्ता-दुभाजकाच्या कडा यांवर आदळून झालेल्या जखमा, त्यांतून तारांपर्यंत पोहोचणारे पाणी व गंज, तसेच अडकलेल्या ब्रेकमुळे तापलेले रिम ही आणखी काही कारणे होत.

उष्ण हवामान व दाब : उन्हाळ्यात हवा ‘फुगून’ टायर फुटतो, असा समज सर्वत्र आढळतो. त्यात तथ्य अल्प आहे. ३०° से. तापमानाला ८ किग्रॅ. दाबाने भरलेल्या टायरमधील हवा ८०° से.पर्यंत तापली, तर दाब सु. ९.५ किग्रॅ. होतो. निर्दोष टायरची ताकद याच्या कित्येक पट असल्याने केवळ या वाढीने तो फुटत नाही. उन्हाळ्याचा खरा परिणाम निराळा आहे : विदर्भात मे महिन्यात हवेचे तापमान ४५° से.च्या आसपास जाते व डांबरी पृष्ठ त्याहून पुष्कळ तापते, त्यामुळे टायरमधील उष्णता बाहेर जाण्यास वाव राहत नाही. तापलेल्या टायरमधील हवा वाटेत थांबून कमी करण्याची पद्धत तर घातकच आहे. ८०° से.ला ८ किग्रॅ.पर्यंत उतरविलेला दाब टायर थंड झाल्यावर सु. ६.७ किग्रॅ. इतकाच उरतो, म्हणजे पुढील प्रवास सु. १६ टक्के कमी हवेवर सुरू होतो. दाब नेहमी टायर थंड असतानाच मोजावा लागतो.

जोडटायर : मालमोटारीच्या मागील आसावर प्रत्येक बाजूस दोन टायर असतात. त्यांतील एकाची हवा गेली, तरी गाडी चालत राहते व चालकाच्या ते लक्षातही येत नाही. आतल्या टायरबाबत तर असे हमखास घडते. भारतात २०१८ मध्ये वाढविलेल्या मर्यादेनुसार चार टायरांच्या एका आसावर ११.५ टन भार अनुज्ञेय आहे, म्हणजे प्रत्येक टायरवर सु. २.९ टन. जोडीतला एक टायर बसला की दुसऱ्यावर जवळजवळ दुप्पट भार येतो. क्लीनरने टॉमीने टायर ठोकून पाहिल्यास पूर्ण बसलेला टायर आवाजावरून ओळखू येतो. २० टक्के घटलेला दाब मात्र दाबमापकाखेरीज कळत नाही.

रीट्रेडिंग : झिजलेल्या टायरवर नवी धाव चढविण्याच्या (बोलभाषेत ‘रिमोल्ड’ करण्याच्या) पद्धतीला अशा अपघातांबद्दल दोष देण्यात येतो. मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने अमेरिकेतील महामार्गांवर पडलेले टायरचे तुकडे गोळा करून केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रस्त्यावरील वस्तूंमुळे झालेल्या जखमा आणि अतिउष्णता ही मुख्य कारणे त्यात आढळली. रीट्रेडिंगची क्रिया हेच प्रमुख कारण असल्याचे दिसून आले नाही. अर्थात जुना सांगाडा नीट न तपासता त्यावर धाव चढविल्यास ती सुटण्याचा संभव असतो. सुकाणूच्या चाकाचे महत्त्व ओळखून अमेरिकेच्या संघीय नियमांनी बसगाड्यांच्या पुढील चाकांना रीट्रेड टायर वापरण्यास मनाई केली आहे.

मोटारसायकलस्वारास होणारा धोका : हा धोका चार प्रकारचा असतो. (१) हवेचा झोत : बाजूची भिंत उसवल्यास झोत चाकाच्या आसाच्या दिशेने, म्हणजे आडवा, बाहेर पडतो. टायरचा मध्य जमिनीपासून सु. अर्धा मीटर व माथा सु. एक मीटर उंचीवर असल्याने शेजारच्या स्वाराचे पाय, पेट्रोलची टाकी आणि हँडल नेमके या पट्ट्यात येतात. आडव्या धक्क्याने दुचाकीचा तोल जातो. झोताचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो, म्हणून एका मीटरचे अंतर व एका पूर्ण मार्गिकेचे (सु. ३.५ मी.) अंतर यांत मोठा फरक पडतो.

(२) उडणारी धाव : ताशी ८० किमी. वेगाने जाणाऱ्या वरील मापाच्या टायरवर धावेचे १ किग्रॅ. रबर जागेवर धरून ठेवण्यास सु. ९७ किग्रॅ. भाराइतकी ओढ लागते. ताशी ६० किमी. वेगाला ती सु. ५५ किग्रॅ. असते. पकड सुटताच धाव प्रथम फडफडते, चिखलफळी व दिवे तोडते आणि मग फेकली जाते. पोलादी तारांची टोके बाहेर आलेला तिचा कित्येक किग्रॅ. वजनाचा पट्टा मागील स्वाराच्या छातीवर किंवा चेहऱ्यावर आदळू शकतो. रस्त्यावर पडलेला तुकडाही रात्री दुचाकीस पाडण्यास पुरेसा असतो.

(३) मालमोटारीची दिशा बदलणे : मागील जोडटायरांपैकी एक फुटल्यास गाडी बहुधा सरळ राहते; पुढचा टायर फुटल्यास ती त्याच बाजूस ओढली जाते. भारतात मालमोटारी पुष्कळदा उजव्या मार्गिकेतून संथपणे जातात व दुचाकीस्वार त्यांना डावीकडून मागे टाकतात. अशा वेळी पुढचा डावा टायर फुटला, तर गाडी आणि रस्त्याची कड यांच्यामध्ये स्वार सापडतो.

(४) आवाज व धूळ : मोठ्या आवाजाने दचकून स्वार ब्रेक एकदम दाबतो आणि धुळीने काही क्षण पुढचे दिसत नाही. प्रत्यक्ष काहीही न लागता झालेली पडझड या कारणाने होते.

हवा भरताना होणारे स्फोट : थांबलेला टायरही धोकादायक असतो. अनेक भागांच्या रिमची कडी (लॉक रिंग) नीट न बसल्यास हवा भरताना ती उडते. कमी हवेवर धावलेल्या रेडियल टायरची भिंतही बहुधा हवा भरतानाच उसवते. अमेरिकेत १९८० पासून अशा चाकांत हवा भरताना संरक्षक पिंजरा वापरणे व कामगाराने उडण्याच्या मार्गात न उभे राहणे यांसंबंधी नियम करण्यात आले. भारतातील रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानात मालमोटारीच्या चाकाशेजारीच दुचाकींची हवा भरली जाते; तेव्हा मोठ्या चाकाच्या बाजूच्या तोंडासमोर उभे न राहणे इष्ट असते.

भारतातील परिस्थिती व कायदा : मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग व मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग यांवर दुचाकींना मज्जाव आहे. इतर राष्ट्रीय व राज्य महामार्गांवर मात्र दुचाकी आणि अवजड वाहने एकाच मार्गिकेतून जातात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मरण पावल्या. त्यांत दुचाकीस्वारांचे प्रमाण सु. ४४.५ टक्के होते. हे सर्व मृत्यू अर्थातच टायरस्फोटाचे नव्हेत. परंतु रस्त्यावरील कोणताही आघात प्रथम कोणाच्या अंगावर येतो, हे त्यांवरून दिसते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ९४ व्या नियमानुसार टायर योग्य दाबाचा व सुस्थितीत ठेवणे बंधनकारक आहे. आतील कापड उघडे पडलेला किंवा फुगवटा आलेला टायर रस्त्यावर वापरण्यास अयोग्य ठरतो, तसेच मालमोटारीच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिमी. असावी लागते. २०१० मधील एका मोटार अपघातासंबंधीच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असा निर्णय दिला, की टायर फुटणे ही ईश्वरी करणी नसून मानवी निष्काळजीपणा होय. अतिवेग, कमी वा अधिक हवा, जुना टायर आणि तापमान यांसारखी कारणे त्यामागे असतात व प्रवासापूर्वी टायरची स्थिती तपासणे हे वाहनधारकाचे कर्तव्य आहे, ही यामागील भूमिका होय. टायरस्फोटाच्या शास्त्रीय कारणांशी ती सुसंगत आहे.

प्रतिबंध : मुख्य जबाबदारी मालमोटारधारकाची आहे. दर प्रवासापूर्वी थंड टायरचा दाब मापकाने मोजणे, जोडटायरांचा दाब समान ठेवणे, त्यांच्यामध्ये अडकलेले दगड काढणे, अनुज्ञेय भार न ओलांडणे व कमी हवेवर धावलेला टायर उतरवून तपासणे एवढ्याने बहुतेक स्फोट टळू शकतात.

मोटारसायकलस्वाराच्या हाती अंतर व वेळ हे दोनच उपाय उरतात. मागून जाताना तीन सेकंदांचे अंतर ठेवावे; ताशी ६० किमी. वेगाला ते ५० मी. होते. १६ मी. लांबीच्या गाडीस तिच्या मागे १० मी.पासून पुढे १० मी.पर्यंत ओलांडताना वेगातील फरक ताशी ५ किमी. असेल तर सु. २६ सेकंद लागतात. तो २० किमी. असेल तर ६.५ सेकंद पुरतात. म्हणून पुढील रस्ता मोकळा होईपर्यंत मागेच राहावे आणि मग चाकांशेजारी न रेंगाळता, शक्य तेवढे बाजूने, ओलांडून जावे. जळक्या रबराचा वास, चाकातून येणारा धूर, फडफड असा आवाज, लोंबणारी धाव किंवा फुगलेली भिंत दिसताच मागे हटावे. दोन्ही गाड्या थांबवता येतील अशा ठिकाणी चालकाला इशारा देणे हे इतरांच्याही हिताचे असते. शेजारी स्फोट झालाच, तर हँडल सरळ धरून वेग हळूहळू कमी करावा, ब्रेक एकदम दाबू नये. संपूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण व जाड अंगरखा यांमुळे तुकड्यांच्या आघाताची तीव्रता कमी होते.