शिष्यवृत्तीचा अर्ज आणि 'गरीब' हा शब्द

गेल्या जूनमध्ये आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी रत्नागिरीच्या एका धर्मादाय ट्रस्टचा छापील अर्ज घेऊन माझ्याकडे आली. लांजा तालुक्यातील एका बौद्धवाडीतील मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. नाव, पत्ता, गुण सारे तिने नीट भरले होते. शेवटचा रकाना तेवढा कोरा होता. 'कौटुंबिक परिस्थिती व मदतीची आवश्यकता थोडक्यात लिहा.' त्याखाली दहा ओळी. ती म्हणाली, "सर, यात 'गरीब' हा शब्द लिहायलाच पाहिजे का?"

प्रश्न साधा होता, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. याचे कारण असे की २००६ साली, याच शहरात, अशाच एका अर्जात मी तो शब्द चार वेळा लिहिला होता. 'मी एका अत्यंत गरीब व मागासलेल्या कुटुंबातील दुर्दैवी विद्यार्थी असून आपण उदार अंतःकरणाने मजवर उपकार करावेत,' हे वाक्य मी एका मित्राच्या अर्जावरून उतरवून घेतले होते, आणि त्याने ते आणखी कुणाच्या अर्जावरून. आमच्या घरांतून पिढीजात अशी पुस्तके नव्हती. हे वाक्य मात्र पिढीजात होऊ पाहत होते.

त्या अर्जाला दोन 'प्रतिष्ठित नागरिकां'ची शिफारस हवी होती. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि ते गावी परतले. आमच्या ओळखीत प्रतिष्ठित असे कोण असणार? ते ज्या घराकडे गेले त्याला आजही गावात 'खोतांचे घर' म्हणतात. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधानसभेत मांडले, पुढे १९४९ च्या कायद्याने ती गेली; पण शिफारशीचे पत्र लिहिण्याची खोती शिल्लक होती. वडील खळ्यात उभे राहिले आणि पत्र मिळाले. 'मुलगा होतकरू व नम्र आहे.' लिहिणाऱ्याने मला कधी पाहिलेले नव्हते. मी नम्र आहे हे त्यांना कसे कळले, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. शिष्यवृत्ती मिळाली, पंधराशे रुपये. ती व्यासपीठावर रांगेत उभे करून दिली गेली. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात आमचे छायाचित्र होते, खाली 'गरजू विद्यार्थी'. नावे नव्हती.

शिष्यवृत्तीचा अर्ज ही आपल्या समाजातील मुलाची संस्थांच्या जगाशी होणारी पहिली लेखी भेट असते. तिथे तो स्वतःविषयी जे लिहितो ते पुढे वर्षानुवर्षे त्याच्या तोंडात राहते. म्हणून पुढाऱ्यांच्या भाषणांइतकाच हा अर्जही आपल्या विचाराचा विषय असला पाहिजे, असे मला वाटते.

मदत घेण्यात कमीपणा आहे काय? बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, आमच्याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढील शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांकडून त्यांना दरमहा २५ रुपये मिळू लागले आणि १९१२ साली ते बी.ए. झाले. १९१३ साली अमेरिकेला जाताना बडोदे संस्थानाने तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी त्यासाठी करारपत्रावर सही केली, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचे कबूल केले. हे आपण विसरतो. आपल्याकडे ही हकीकत राजाच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते, पण कागदावर तो दोन पक्षांमधला करार होता. देणाऱ्याला काही हवे होते, घेणाऱ्याकडे देण्यासारखे काही होते.

शिफारस बाबासाहेबांनाही लागली. ती कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी केली. गुरुजींचे मूळ गाव केळूस, तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात, आज सिंधुदुर्गात. बागेत बसून वाचणारा एक मुलगा त्यांनी पाहिला, त्याच्याशी बोलले, पुस्तके दिली आणि मग महाराजांकडे शब्द टाकला. त्यांची साक्ष डोळ्यांनी पाहिलेल्या वाचनाची होती. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. शिफारस मागायची ती आपले वाचन, आपली वही, आपला प्रयोगशाळेतील हात पाहिलेल्या माणसाकडून. बहुतेक अर्जांत 'प्रतिष्ठित' कोण याची व्याख्या दिलेली नसते. मग ती आपणच का करू नये?

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. तिथे त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी पैशाची मागणी लावून धरली, आणि १९४४ साली भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वतः करार करून शिकलेल्या माणसाने पुढच्यांसाठी हक्क निर्माण केला. आज आपण जिला 'जीओआय' म्हणतो ती हीच.

आता ट्रस्टकडे वळू. ट्रस्ट हा खाजगी माणसाचा खाजगी पैसा, तो देईल त्याला देईल, अशी आपली समजूत असते. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याने धर्मादाय उद्देशांत दारिद्र्यनिवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयोगाची इतर कामे धरली. अशा ट्रस्टची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे करावी लागते, उद्देश त्या नोंदीत लिहिलेले असतात, हिशेब दरवर्षी तपासून सादर करावा लागतो. त्या बदल्यात त्याला करात सवलत मिळते. म्हणजे जो पैसा कररूपाने सरकारी तिजोरीत गेला असता, तो लोकांसाठी खर्च करीन या हमीवर ट्रस्टने स्वतःजवळ ठेवलेला असतो. चिरेखाणीवरचा मजूर साबणाच्या वडीवरही कर भरतो. त्याला सवलत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात तर आणखी एक तरतूद आली. हा कायदा लागू झाल्यानंतर स्थापन झालेला धर्मादाय ट्रस्ट एखाद्याच जातीच्या किंवा धर्माच्या लोकांसाठी असेल, तर त्याची करमाफी जाते. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया व मुले यांच्यासाठीच्या ट्रस्टना मात्र हा निर्बंध नाही. तेव्हा ट्रस्टच्या दारात उभा असलेला विद्यार्थी भिक्षेकरी नसतो. ज्या उद्देशासाठी ट्रस्ट नोंदला गेला, तो उद्देशच तिथे उभा असतो.

मुलाखतीतला नेहमीचा प्रश्न, 'तुम्हाला सरकार देतेच, मग आमच्याकडे कशाला?' २००६ साली मलाही हाच प्रश्न झाला होता आणि मी गप्प बसलो होतो. याचे उत्तर नियमांतच आहे. भारत सरकार शिष्यवृत्तीच्या २०१० साली सुधारलेल्या नियमावलीत असे होते की ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याने दुसरी शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन घेऊ नये. परंतु पुस्तके, साहित्य, राहणे व जेवण यांच्या खर्चासाठी इतर कोणाकडूनही मिळणारे साहाय्य त्याला घेता येईल. नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची नियमावली स्वतः वाचावी. पण यातून एक व्यवहारी गोष्ट शिकण्यासारखी आहे. पैसा कोणत्या नावाने येतो याला महत्त्व आहे. ट्रस्टला अर्ज करताना 'शिष्यवृत्ती मिळावी' एवढेच न लिहिता 'भोजन व निवासखर्चासाठी साहाय्य' असे लिहावे, आणि मंजुरीच्या पत्रातही तसेच शब्द मागून घ्यावेत.

कागदपत्रांविषयी थोडे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, आणि तो एप्रिलनंतरचा नवा काढावा. जुन्या आर्थिक वर्षाचा दाखला जूनमध्ये परत येतो आणि मुदत निघून जाते. राखीव निधी असेल तर जातीचा दाखला लागतो, आणि आमच्या कोकणात खरी अडचण तिथे आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. सातबारा कुठून आणायचा? कित्येकांचे घर उभे आहे ती जागाही कागदोपत्री दुसऱ्याच्या नावावर. मग आजोबांच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर शोधायचे. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे गाव नमुना १४. तिथे नेहमी आडनाव सापडत नाही. आज कांबळे, तांबे, जाधव, मोहिते लिहिणाऱ्यांचे पणजोबा तिथे नुसत्या नावानिशी असतात आणि पुढे जात. ज्या शब्दाने माणसाला गावाबाहेर ठेवले, तोच शब्द नातवाच्या हक्काचा पुरावा म्हणून शोधीत फिरायचे, हे सोपे नसते. १९५६ च्या धर्मांतरानंतर दाखल्यांवर 'बौद्ध' आले आणि सवलतींचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्राने १९६० पासून त्या दिल्या, केंद्राने मात्र बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश करायला १९९० साल उजाडावे लागले. हे कागद बारावीच्या सुट्टीतच गोळा करावेत. मुंबईतल्या काकांच्या पेटीत निम्मे सापडतात, हा माझा अनुभव आहे.

आता त्या दहा ओळी. मी तिला म्हटले, "गरीब हा शब्द लिहू नकोस. गरिबी कशी चालते ते लिही." तिला वडिलांच्या कामाविषयी विचारले, तेव्हा ती सहज म्हणाली, "पावसात खाण बंद असते." उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाचा एक आकडा असतो, तो बारा महिन्यांना सारखा वाटला जातो असे वाचणाऱ्याला वाटते. जांभ्याच्या खाणीवरचे उत्पन्न जून ते सप्टेंबर शून्य असते, आणि फी, खोली, मेस यांची मागणी नेमकी तेव्हाच येते. तिच्या अर्जाचा गाभा हाच होता आणि तो तिला सांगण्यासारखा वाटला नव्हता. तिने लिहिले ते असे:

'माझे वडील चिरेखाणीवर मजुरी करतात. जून ते सप्टेंबर खाण बंद असते. आई काजूच्या कारखान्यात काम करते. घरात आम्ही पाच जण आहोत. माझ्यापूर्वी घरातील कोणी दहावीच्या पुढे गेलेले नाही. मी रत्नागिरीत दोन मैत्रिणींसोबत खोली घेऊन राहते. खोलीभाड्याचा माझा वाटा दरमहा १,५०० रुपये व मेसचे २,८०० रुपये, म्हणजे दहा महिन्यांचे ४३,००० रुपये होतात. घरून २५,००० रुपये मिळू शकतात. १८,००० रुपये कमी पडतात. शासकीय शिष्यवृत्तीसाठी मी अर्ज केला आहे. गेल्या वर्षी तिची रक्कम मार्चमध्ये जमा झाली. भोजन व निवासासाठी हे साहाय्य ऑगस्टपर्यंत मिळावे.'

'उपकार' नाही, 'दुर्दैवी' नाही. शेवटी 'आपली विश्वासू' एवढेच. शिफारशीसाठी तिने दोन नावे दिली. एक रसायनशास्त्राच्या शिक्षिकेचे, दुसरे आमच्या ग्रंथालयातील शिपायाचे. दुसऱ्या नावावर कार्यालयात थोडी कुजबुज झाली. पण वाचनालय बंद होईपर्यंत ती रोज बसते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे?

मुलाखतीत तिला तोच प्रश्न आला. "सरकार देतेच की तुम्हाला." ती म्हणाली, "सर, सरकारचे पैसे मार्चमध्ये आले. मेसवाले जुलैमध्ये मागतात." त्यांनी पासबुक मागितले. तिने प्रत नेलेली होती. आम्ही नियमावलीतील ते पानही तिच्यासोबत दिले होते, ते दाखवावे लागले नाही. विश्वस्तांपैकी एकाने खाणीविषयी बरेच विचारले, आणि दरवर्षी ही रक्कम डिसेंबरात का वाटतात याची आपसांत चर्चा केली, असे ती म्हणाली.

१२,००० रुपये मंजूर झाले. पहिला हप्ता ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आला, समारंभ न करता, थेट बँकेत. ६,००० रुपये अजून कमी पडतात. सध्या आम्ही दुसऱ्या एका ट्रस्टचा अर्ज भरत आहोत. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, आणि मेसच्या पावत्या अजून मिळायच्या आहेत.