आधी टायर, मग गिअर. उंची सगळ्यात शेवटी

नवी फोर बाय फोर गाडी दारात आली की काही महिन्यांतच मालकाला ती बुटकी वाटू लागते. ॲक्सेसरीजच्या दुकानांत दोन इंचांपासून चार इंचांपर्यंतची लिफ्ट किट मिळतात. सकाळी सोडलेली गाडी संध्याकाळी उंच होऊन परत येते आणि दिसतेही रुबाबदार. मग त्या उंचीला शोभतील असे मोठे टायर येतात. गिअरची आठवण होते ती थेट घाटात, गाडी चढ ओढेनाशी झाल्यावर. एवढा खर्च करूनही खडकाळ वाटेवर गाडी अडायची तिथे अडतेच, कारण कामाचा क्रम उलटा झालेला असतो. टायर आधी ठरवायचा, मग त्याला साजेसा गिअर बघायचा आणि उंची फक्त तो टायर मावण्यापुरती घ्यायची. का, ते बघू.

लिफ्ट करताना स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर जास्त लांबीचे घालतात किंवा मधे स्पेसर टाकतात. त्यामुळे चासी आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर वाढतं. बॉडी वर जाते, चासी वर जाते. अखंड ॲक्सल मात्र होता तिथेच राहतो, कारण त्याची उंची चाकाच्या त्रिज्येवर ठरते. नाशिकला तयार होणाऱ्या थारला मागच्या बाजूला असा अखंड ॲक्सल आहे. त्याच्या मधोमध डिफरन्शियलचं गोल हौसिंग असतं आणि वाटेतल्या दगडाशी गाठ पडते ती बहुतेक वेळा त्याचीच. चार इंचांची लिफ्ट घातली तरी हे हौसिंग जमिनीपासून तसूभरही वर येत नाही. लिफ्टचा फायदा होतो तो वेगळा: बांध ओलांडताना गाडीचं पोट टेकत नाही, खड्या चढाला बंपर घासत नाही. हा फायदा खरा आहे, पण ॲक्सल वर उचलायचा तर टायरच मोठा हवा.

टायरच्या भिंतीवरच्या आकड्यांत सगळा हिशेब लिहिलेला असतो. २४५/७५ आर १६ हा थारच्या एका मूळ मापाचा टायर घ्या. २४५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ७५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, अर्थात सुमारे १८४ मि.मी. १६ हा चाकाच्या रिमचा इंचांतला व्यास, म्हणजे ४०६ मि.मी. वरची भिंत, खालची भिंत आणि रिम यांची बेरीज केली की टायरचा व्यास ७७४ मि.मी. निघतो. त्याऐवजी २८५/७५ आर १६ घातला तर व्यास ८३४ मि.मी. होतो. वाढ ६० मि.मी.ची, पण ॲक्सल वर येतो तिच्या निम्मा, म्हणजे ३० मिलिमीटर. एवढ्या महागड्या टायरमधून हाती आलेली खरी उंची तीन सेंटिमीटर! दगडधोंड्यांत तीन सेंटिमीटरही मोलाचे असतात, हे मात्र मान्य करायला हवं.

या तीन सेंटिमीटरची किंमत गाडी रोज मोजते. टायरचा व्यास पावणेआठ टक्क्यांनी वाढला, म्हणजे एका फेरीत गाडी तितकं जास्त अंतर जाते. वेगमापकावर ८० दिसत असताना प्रत्यक्ष वेग ८६ असतो. चाकाला मिळणारं बल म्हणजे ॲक्सलवरचा टॉर्क भागिले टायरची त्रिज्या. त्रिज्या वाढली की जमिनीवरची ओढ त्याच प्रमाणात घटते. शिवाय मोठा टायर जड असतो आणि त्याचं वजन परिघाकडे असतं. ते फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो आणि थांबवायला ब्रेकला. मूळ ब्रेक तेच असतील, तर थांबायचं अंतर वाढतं. ॲव्हरेज पडतं ते वेगळंच.

रुंदीबाबत तर फारच ढोबळ समज आहेत. वाळूत रुंद टायर तरंगतो, म्हणून तो चांगला. चिखलाचं तसं नाही. वरचा थर ओला आणि खाली कठीण जमीन असेल, तर अरुंद टायर चिखल कापत खाली जाऊन कठीण थराला पकडतो. रुंद टायर वरच घसरत राहतो. आपल्याकडच्या काळ्या मातीची गत आणखी निराळी. पाणी शोषून फुगणारी ही चिकणमाती टायरच्या नक्षीत घट्ट बसते आणि दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. तिथे मोठ्या फटींचा मड टेरेन टायर लागतो, म्हणजे चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. पण हाच टायर ओल्या डांबरावर कमी पकड देतो आणि महामार्गावर घोंघावतो. आठवडाभर शहरात आणि एखाद्या रविवारी गडाच्या पायथ्याशी जाणाऱ्याने ऑल टेरेन घ्यावा, हे माझं ठाम मत आहे.

टायर बदलण्याआधी मात्र एक बिनखर्चाचा प्रयोग करून बघावा. टायरचा जमिनीला टेकलेला भाग किती मोठा असतो, याचं गणित अगदी सोपं आहे: चाकावरचा भार भागिले हवेचा दाब. एका चाकावर ४४० किलो भार आणि ३२ पीएसआय हवा असेल, तर टेकलेलं क्षेत्र साधारण १९५ चौरस सेंटिमीटर येतं, म्हणजे तळहाताहून थोडं मोठं. हवा १६ पीएसआयवर आणली की ते जवळपास दुप्पट होतं. टायरची भिंतही थोडा भार पेलते, म्हणून प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतात. पण दिशा हीच. वाढलेला भाग मुख्यतः लांबीच्या दिशेने पसरतो आणि मऊ झालेला टायर टोकदार दगडावर उसळण्याऐवजी त्याला कवेत घेतो. अडलेली गाडी कितीतरी वेळा निव्वळ हवा काढल्यावर निघते. त्यासाठी लागतं एक प्रेशर गेज आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा कंप्रेसर.

आता गिअर. हा विषय सगळ्यात कमी दिसतो आणि सगळ्यात जास्त काम करतो. इंजिनाच्या फेऱ्या गिअरबॉक्समध्ये कमी होतात, फोर लोमध्ये ट्रान्सफर केसमध्ये आणखी कमी होतात आणि शेवटी ॲक्सलमधल्या क्राऊन-पिनियनमध्ये. तिन्ही गुणोत्तरांचा गुणाकार केला की चाकाच्या एका फेरीसाठी इंजिन किती फेऱ्या मारतं ते कळतं. पुण्याजवळ रांजणगावला २०२१पासून जुळणी होत असलेली जीप रँग्लर रुबिकॉन बघा. पहिला गिअर ४.७१, ट्रान्सफर केसची खालची पट्टी ४, ॲक्सल ४.१०. गुणाकार ७७. इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांवर असताना ३२ इंची टायरवर ही गाडी ताशी जेमतेम दोन किलोमीटरने सरकते. खालची पट्टी काढली तर हाच वेग आठच्या आसपास जातो. खडकावर चाक अलगद चढवून अलगद उतरवायचं, तर दोन आणि आठ यांतला हा फरकच कामाला येतो. वेग घेऊन दगडावर झेपावणाऱ्या गाड्यांचेच ॲक्सल मोडतात.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी ही याची सगळ्यात बोलकी साक्ष. तिच्याच वंशातल्या जीपगाड्यांची जुळणी स्वातंत्र्यानंतर महिंद्रने मुंबईत सुरू केली. विलीजचं इंजिन अवघं ६० अश्वशक्तीचं, टायर सहा इंच रुंद. पण ॲक्सलचं गुणोत्तर ४.८८ होतं आणि गाडी टनभर वजनाची. पहिला गिअर आणि खालची पट्टी धरून गुणाकार पंचवीसच्या वर जात होता. मोठे टायर आणि उंच बॉडी नसताना ती जिथे जाऊन आली, त्याचं श्रेय हलक्या वजनाला आणि गिअरला.

मोठा टायर घातल्यावर मूळ गुणोत्तर परत कसं मिळवायचं? जुन्या गुणोत्तराला नव्या आणि जुन्या व्यासाच्या भागाकाराने गुणायचं. ३२ इंचांवरून ३५ इंचांवर गेलं तर ४.१०चे ४.४८ होतात. या मापाचा संच सहसा मिळत नाही, बाजारात ४.५६ मिळतो आणि तोच घ्यावा, कारण नवा टायर जडही असतो. हे आकडे येतात दातांच्या संख्येतून. ४.१० म्हणजे क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला १०. ४.५६ म्हणजे ४१ आणि ९. ४.८८ म्हणजे ३९ आणि ८. गुणोत्तर वाढवताना पिनियनचे दात कमी होतात आणि पिनियन बारीक होत जातं. म्हणजे ओढ वाढते, पण ती पेलणारा भाग नाजूक होतो. मनाला येईल तेवढा मोठा आकडा निवडता येत नाही तो यामुळे.

बसवण्याचं काम तर घड्याळजीच्या नजरेचं. हौसिंग उघडल्यावर पिनियनखाली शिम टाकून त्याची खोली जुळवतात, मग क्राऊनच्या दातांना पिवळी पेस्ट लावून ते फिरवतात. पेस्टवर उमटलेला ठसा दाताच्या मध्यभागी आला पाहिजे. वर किंवा मुळाशी सरकला तर सगळं काढून दुसरा शिम. दातांमधली मोकळीक बहुतेक ॲक्सलमध्ये ०.१५ ते ०.२५ मि.मी. ठेवतात आणि ती डायल गेज लावून मोजतात. हे न करता नुसतं बोल्ट आवळून दिलेलं डिफरन्शियल काही दिवसांत रडायला लागतं. शिवाय गुणोत्तर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये एकच लागतं. ते वेगळं राहिलं, तर फोर व्हीलमध्ये टाकताच शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि काहीतरी तुटतं. आपल्या गाडीला असे संच मिळत नसतील किंवा ते बसवणारा हात मिळत नसेल, तर टायरचा व्यास मूळ मापापेक्षा तीन-चार टक्क्यांहून जास्त वाढवू नये.

टायर ठरला, गिअर ठरला, की लिफ्टचा आकडा आपोआप निघतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून, एक चाक दगडावर चढवून, टायर कुठे घासतो ते बघायचं आणि तेवढीच जागा करायची. पुष्कळदा दीड-दोन इंच पुरतात. त्यापुढच्या प्रत्येक इंचाला किंमत आहे. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असलेल्या गाडीत ॲक्सल शाफ्ट तिरका होतो, सीव्ही जॉइंट कोनात फिरतो आणि त्याचं रबरी बूट फाटतं. पुढे अखंड ॲक्सल असेल तर कॅस्टरचा कोन कमी होऊन गाडी महामार्गावर डावी-उजवीकडे भरकटते. ब्रेकचे होज ताणले जातात, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

सगळ्यात गंभीर बाब गुरुत्वमध्याची. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १,५२० मि.मी. आणि गुरुत्वमध्याची उंची ७५० मि.मी. धरली, तर गाडी उलटायचा कोन साधारण ४५ अंश येतो. तीन इंचांच्या लिफ्टने गुरुत्वमध्य ६५ मि.मी. वर गेला की तो ४३वर येतो. फरक कागदावर छोटा दिसतो. पण खरी गाडी ताठ उभी नसते. उताराकडची स्प्रिंग दबते, वजन त्या बाजूला जातं आणि ती याहून बऱ्याच कमी कोनात आडवी होते. महामार्गावर जनावर आडवं आल्यावर दिलेल्या झटक्यातही हाच हिशेब लागू असतो. त्यातून टपावर सामान लादलं असेल तर विचारायलाच नको.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे स्पष्ट केलं आहे. अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते. म्हणून पैसे भरण्याआधी आरटीओत चौकशी करा आणि मिळालेलं उत्तर लेखी घ्या.

आणि गाडी मूळ अवस्थेत ठेवा किंवा बदला, एक सवय मात्र लावून घ्याच. कच्च्या वाटेसाठी कमी केलेली हवा डांबरी रस्ता लागताच, गाडी बाजूला घेऊन, पुन्हा मूळ दाबावर भरा. कमी हवेचा टायर वेगात वळवळतो, त्याची भिंत तापते आणि तो फुटतो. चार टायर भरायला कंप्रेसरला अर्धा तास लागला तरी तेवढं थांबा.