तार बदला, नंबर ठेवा

पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात अजूनही कितीतरी घरांत तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा लँडलाइन नंबर जपलेला आहे. मध्ये सुरुवातीला एखादा आकडा वाढला असेल, पण शेवटचे आकडे तेच. गावाकडच्या आत्याच्या डायरीत तो आहे, फॅमिली डॉक्टरांच्या फाइलवर आहे, सोसायटीच्या रजिस्टरमध्ये आहे. ऐंशीच्या दशकात फोनसाठी नाव नोंदवून ज्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, त्यांना तो सोडवत नाही, आणि त्यांनी तो का सोडावा?

पण तांब्याची लाइन थकली आहे. पावसाळा लागला की आधी खरखर, मग फोन डेड, मग लाइनमनची वाट. म्हणून लोक फायबरवर जायचं ठरवतात आणि ऐकीव माहितीवर विसंबून नेमका नंबरच घालवून बसतात. खरं तर तो टिकतो. काय मागायचं आणि कोणत्या क्रमानं, एवढं ठाऊक हवं.

गैरसमज: फायबर घेतलं की नंबर बदलतोच

नंबर बदलतो तो ‘नवीन जोडणी’चा अर्ज केला तर. बीएसएनएलचा तांब्यावरचा फोन बीएसएनएलच्याच फायबरवर न्यायचा असेल, तर मागायचं असतं ते रूपांतर. कार्यालयात त्याला कन्व्हर्जन किंवा मायग्रेशन म्हणतात. त्यात जुना नंबर नव्या जोडणीला दिला जातो.

हे शक्य होतं, कारण एक्स्चेंजचं काम आता बदललं आहे. पूर्वी नंबर म्हणजे एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत आलेली तारांची एक जोडी होती. नव्या पिढीच्या यंत्रणेत, म्हणजे एनजीएनमध्ये, नंबर ही संगणकातली एक नोंद असते आणि ती तुमच्या घरातल्या फायबरच्या डब्याशी जोडता येते. आपला नंबर अशा यंत्रणेवर आला आहे का आणि तो फायबरवर घेता येईल का, हा पहिला प्रश्न कार्यालयात विचारावा. घरी बसवायला येणाऱ्या माणसाला विचारून भागत नाही. त्याच्या दृष्टीनं नवी जोडणी सोपी असते, म्हणून तो बहुतेकदा तोच अर्ज पुढे करतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आधी जुना फोन बंद करणं. ‘आता फायबर येणारच आहे, मग दोन बिलं कशाला’ या विचारानं लोक फोन सरेंडर करतात. सरेंडर झालेला नंबर कंपनीकडे परत जातो आणि पुढे दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो. त्यामुळे फायबरवर जुना नंबर वाजेपर्यंत तांब्याची लाइन चालू ठेवायची, बिल भरत राहायचं आणि थकबाकी ठेवायची नाही.

नाव हीसुद्धा आपल्याकडची मोठी अडचण आहे. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालेली असतात, बिल मात्र त्यांच्याच नावानं येत असतं आणि कुणी ते बदलायच्या फंदात पडलेलं नसतं. रूपांतराच्या अर्जावर ग्राहकाची सही आणि ओळखपत्र लागतं, तेव्हा गाडी इथे अडते. आधी फोन वारसाच्या नावावर करून घ्यावा. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचं ना हरकत पत्र तयार ठेवावं. जुन्या अनामत रकमेचं काय होणार, हेही त्याच वेळी लेखी विचारावं.

गैरसमज: मोबाइलसारखा लँडलाइन नंबरही दुसऱ्या कंपनीत पोर्ट होतो

होत नाही. देशभरात 20 जानेवारी 2011 पासून मिळालेली नंबर पोर्टेबिलिटी मोबाइलसाठी आहे, लँडलाइनसाठी नाही. आपल्याकडे 2 या आकड्यानं सुरू होणारे लँडलाइन नंबर बीएसएनएल आणि एमटीएनएलचे आहेत. खासगी कंपन्यांना सुरुवातीचे वेगळे आकडे दिलेले आहेत. त्यामुळे खासगी कंपनीचं फायबर घेतलं, तर फोन तिच्या नंबरावर चालेल. तुमचा जुना नंबर तिथे येणार नाही, मग विक्रेता काहीही सांगो. शहर बदललं तरी हीच गोष्ट: 020 चा नंबर 0253 च्या हद्दीत जात नाही.

खासगी कंपनीचं इंटरनेट आवडत असेल तर खुशाल घ्या. नंबर हवा असेल, तर सोबत जुन्या कंपनीचा साधा प्लॅनही चालू ठेवावा लागेल.

गैरसमज: आमच्याकडे ब्रॉडबँड आहे, म्हणजे फायबर आहेच

2005 मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलनं ब्रॉडबँड आणलं ते याच तांब्याच्या तारांवरून. भिंतीवर फोन आणि मॉडेम वेगळे करणारा छोटा स्प्लिटर असेल आणि मॉडेममध्ये टेलिफोनचीच वायर शिरत असेल, तर तुमची लाइन अजून तांब्याची आहे.

गैरसमज: घरात कुणी सिनेमा लावला की फोन तुटक येईल

फोनवरच्या आवाजाला फार कमी जागा लागते. डिजिटल टेलिफोनीत एका बाजूचा आवाज साधारण 64 केबीपीएसमध्ये मावतो. इंटरनेटवरून पाठवताना लागणारी वरची भर धरली तरी 100 च्या आतच राहतो. 30 एमबीपीएसच्या प्लॅनमध्येही हा वाटा अगदी किरकोळ ठरतो. शिवाय अशा जोडणीत कंपनी आवाजासाठी वेगळी वाट राखून ठेवते आणि त्याला इंटरनेटच्या आधी पुढे जाऊ देते. महिन्याचा डेटा संपला तर इंटरनेटचा वेग उतरतो, फोन बंद पडत नाही.

ज्यांना व्हॉट्सॲप कॉलचा अनुभव डोळ्यांपुढे येतो, त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हा ॲपवरचा कॉल नाही. तुमचा नंबर खराखुरा टेलिफोन नंबर राहतो. समोरच्याकडे साधा बटणांचा मोबाइल असला तरी तो पूर्वीसारखाच फोन लावू शकतो.

गैरसमज: वीज गेली तरी लँडलाइन चालतेच

हा गैरसमज जुन्या अनुभवातून आला आहे, म्हणून तो जास्त धोक्याचा आहे. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंज साधारण 48 व्होल्टचा पुरवठा करायचं आणि तिथे बॅटऱ्या असायच्या. घरात काळोख असला तरी रिसीव्हर उचलला की टोन यायचा. फायबर ही काच आहे. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे घरातल्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, घरचीच वीज लागते. लाइट गेली की डबा बंद आणि फोनही बंद.

उपाय साधा आहे. ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे ओएनटीचा प्लग इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्यावा. नसेल तर राउटरसाठी मिळणारा मिनी यूपीएस लावावा. बहुतेक ओएनटी 12 व्होल्टवर चालतात, तरी अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्यावा. कॉर्डलेस फोनच्या बेसलाही वीज लागते, हे लोक विसरतात. निदान एक वायरचा साधा फोन हाताशी असावा. आणि फायबर स्थानिक केबलवाल्याच्या मशीनवरून येत असेल, तर त्याच्याकडे बॅटरी बॅकअप किती तासांचा आहे ते विचारावं. तुमचा डबा चालू असूनही त्याची बॅटरी संपली, तर फोन लागणार नाही.

ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं जानेवारी 2027 पर्यंत बंद करायचं ठरलं आहे. तिथल्या ऑफकॉम या नियामकानं लँडलाइनवरच अवलंबून असलेल्या ग्राहकांना वीज गेल्यावर निदान तासभर आपत्कालीन फोन करता येईल अशी सोय करायला कंपन्यांना सांगितलं आहे. आपल्याकडे ही काळजी घरच्यांनीच घ्यावी. एकटे राहणारे आई-वडील असतील, तर मिनी यूपीएस त्याच दिवशी बसवून घ्या.

गैरसमज: जुना फोन फेकून द्यावा लागतो

डब्याच्या मागे इंटरनेटच्या रुंद खाचांशेजारी एक अरुंद खाच असते, तिच्यावर टेल किंवा फोन असं लिहिलेलं असतं. जुन्या फोनची वायर तिथे जाते. बटणांचा फोन तसाच चालतो. चकती फिरवायचा फोन वाजेल, त्यावर बोलताही येईल, पण त्यावरून नंबर फिरवणं पुष्कळ डब्यांना कळत नाही. आतल्या खोलीतलं पॅरलल कनेक्शनही या खाचेतून देता येतं, फक्त बाहेरून आलेली तांब्याची जोडी आधी सोडवून. ती तशीच ठेवली तर डब्याचा पोर्ट बिघडू शकतो. फॅक्स आणि लँडलाइनवरची अलार्म यंत्रणा मात्र नीट चालेलच असं नाही. आधी चाचणी करावी.

त्याच डब्यावर दिवे असतात. पॉनचा दिवा स्थिर हिरवा असेल तर फायबर ठीक आहे. लॉसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाश पोहोचत नाही, म्हणजे उंदरानं किंवा जेसीबीनं केबल तोडलेली असण्याचा संभव मोठा. तक्रार करताना हे सांगितलं की काम लवकर होतं.

बसवून झाल्यावर

टोन आला म्हणून सही करू नका. लँडलाइनवरून स्वतःच्या मोबाइलवर फोन लावा, जानेवारी 2021 पासूनच्या नियमाप्रमाणे आधी शून्य लावून, आणि मोबाइलच्या पडद्यावर जुनाच नंबर दिसतो का ते पाहा. मग दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या मोबाइलवरून एसटीडी कोडसह आपला नंबर लावा. पुष्कळदा जाणारे फोन लागतात आणि येणारे अजून जुन्या तारेकडेच वळत असतात. दोन्ही बाजू चालल्या की मगच तांब्याची जोडी काढू द्या.

आणि अर्ज करताना ‘सध्याचा नंबर कायम ठेवून फायबरवर रूपांतर’ हे शब्द स्वतःच्या हातानं लिहा, खाली नंबर एसटीडी कोडसह टाका आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.