रजिस्टर्ड कंपनी म्हणजे खात्रीची कंपनी?

पदवीचे निकाल लागले की एक वाक्य हमखास कानावर येतं. ‘कंपनी रजिस्टर्ड आहे, प्रायव्हेट लिमिटेड आहे, अर्ज करायला काय हरकत?’ आधी मुलगी म्हणते, मग तिचे वडील म्हणतात आणि चौकशी तिथेच संपते.

नोंदणी म्हणजे कंपनीचा जन्मदाखला. ती पगार वेळेवर देते का, तिथे खरोखर माणसं कामाला आहेत का, यातलं काहीही त्यावरून कळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायला दोन संचालक आणि दोन भागधारक पुरतात; दोन्हीकडे तीच दोन माणसं असली तरी चालतं. पूर्वी किमान १ लाख रुपये भागभांडवलाची अट होती, २०१५ च्या दुरुस्तीने तीही गेली. २०१७ मध्ये केंद्र सरकारने दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढून टाकली. त्यातली प्रत्येक कंपनी रजिस्टर्डच होती!

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या सरकारी संकेतस्थळाच्या भरवशावर ‘रजिस्टर्ड आहे’ म्हटलं जातं, तिथेच पुढची माहितीही असते आणि ती कुणी वाचत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचा ‘मास्टर डेटा’ पैसे न भरता पाहता येतो. त्यात स्थापनेची तारीख, भरणा झालेलं भांडवल, सध्याची स्थिती आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा आहे, हे सगळं दिसतं. स्थितीपुढे ‘स्ट्राइक ऑफ’ असेल तर विषयच संपला. ‘ॲक्टिव्ह’ असेल, पण ताळेबंद तीन-चार वर्षांपूर्वीचा असेल, तर अर्ज बाजूला ठेवावा. जी कंपनी सरकारला हिशेब देत नाही, ती तुम्हाला पगारपत्रक वेळेवर देईल हे कशावरून?

आणखी १०० रुपये भरले की ताळेबंदच उघडून पाहता येतो. नफा-तोटा पत्रकात कर्मचाऱ्यांवरील खर्चाची ओळ शोधा. समजा, जाहिरातीत ३०० जण काम करतात असं लिहिलंय आणि वर्षाचा खर्च दाखवलाय ४० लाख. भागाकार करा. माणशी वर्षाला साडेतेरा हजारसुद्धा होत नाहीत. म्हणजे एक तर माणसं नाहीत, किंवा पगार नाही. हा भागाकार वाणिज्य शाखेच्याच मुलांनी करायचा असतो, असं इंजिनिअरिंगच्या मुलांना का वाटतं, हे मला खरंच समजत नाही.

भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचा पीएफ कधी जमा झाला आणि किती जणांचा, हे दिसतं. भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. तो सतत उशिरा होत असेल, किंवा कर्मचाऱ्यांचा आकडा सहा महिन्यांत निम्म्यावर आला असेल, तर इतकी बोलकी माहिती मुलाखतीत कुणी देणार नाही.

ऑफर लेटरही नीट न्याहाळा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ नुसार कंपनीच्या पत्रावर नोंदणीकृत पत्ता आणि सीआयएन हा २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक छापणं बंधनकारक आहे. तो नसेल तर का नाही, हे विचारा. असेल तर तोच मास्टर डेटात टाकून नाव-पत्ता जुळतो का ते पाहा, कारण नामांकित कंपनीचा लोगो चिकटवणं अवघड नसतं.

‘मोठ्या कंपन्यांची आतली माहिती कुठून मिळणार?’ मिळते. बाजारमूल्यात पहिल्या १,००० असलेल्या सूचीबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार वार्षिक अहवालात कायम कर्मचाऱ्यांचं नोकरी सोडण्याचं प्रमाण द्यावं लागतं, तेही तीन वर्षांचं. तो अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत असतो.

‘कॅम्पसला आली, म्हणजे कॉलेजने तपासलीच असेल.’ गृहीत धरू नका, प्लेसमेंट अधिकाऱ्यांना थेट विचारा. ‘आयएसओचं प्रमाणपत्र आहे.’ आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, आणि गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचा तुमच्या पगाराशी संबंध नाही. ‘डिपॉझिट भरायचंय, पण ते परत मिळणार आहे.’ नोकरीसाठी पैसे मागितले की तिथून उठा. ‘सीटीसी सहा लाख, म्हणजे महिन्याला पन्नास हजार.’ नाही, त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि बहुधा विम्याचा हप्ता व कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही धरलेली असते.

आणि ‘जास्त विचारलं तर ऑफर जाईल’ या भीतीपायी मुलं साधे प्रश्नही गिळतात. पगार कोणत्या कंपनीच्या नावाने जमा होणार, हे जरूर विचारा. काम नामांकित कंपनीच्या इमारतीत आणि पगार मनुष्यबळ पुरवणाऱ्या भलत्याच एजन्सीकडून, असं अनेकांना रुजू झाल्यावर कळतं. तसं असेल तर वरची सगळी तपासणी त्या एजन्सीच्या नावाने करायला हवी.