वेतनातली तफावत चितारताना

‘स्त्री-पुरुष वेतनातली तफावत’ हा विषय चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना दिला, की कागदावर हमखास तराजू उमटतो, नाहीतर शिडी: वर पुरुष, खाली बाई. चित्र चटकन कळतं. पण त्यामागचे गैरसमज पोस्टरवर चढले की आणखी पक्के होतात.

गैरसमज: कायदा आहे, म्हणजे तफावत मिटली.

समान मोबदल्याचा कायदा भारतात १९७६ सालीच आला. एकाच कामाला दोन दर लावायला त्याने मनाई केली. पण कोणतं काम कोणाच्या वाट्याला येतं, यावरही मजुरी ठरते. निंदणी-खुरपणी बाईची, फवारणी गड्याची; आणि बायकांच्या म्हणून ठरलेल्या कामाचा दरच कमी. क्रिकेटचंही तसंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीसीसीआयने सामन्याचं मानधन सारखं केलं, कसोटीला दोघांनाही १५ लाख. चांगलंच झालं. पण २०२४-२५च्या वार्षिक करारांत पुरुषांची सर्वोच्च श्रेणी ७ कोटींची होती आणि सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाची, म्हणजे महिलांची सर्वोच्च श्रेणी, ५० लाखांची. पोस्टरवर यातला एकच आकडा घेतला तर गोष्ट अर्धीच राहते.

गैरसमज: आकडा खरा, म्हणजे चित्र खरं.

गड्याला ४०० आणि बाईला ३०० रुपये रोज मिळत असेल, तर बाईला २५ टक्के कमी मिळतात. तीच गोष्ट उलटी मांडली तर गड्याला ३३ टक्के जास्त. कशाच्या तुलनेत, हे लिहायलाच हवं. दुसरी चूक हाताची. नाणं दुप्पट उंच काढलं की त्याचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि डोळा फसतो. व्हिएन्नात १९२०च्या दशकात ओटो नॉयराथ यांनी यावर साधा नियम घातला: रक्कम मोठी असेल तर चिन्ह मोठं करू नका, त्याच आकाराची चिन्हं जास्त काढा. मला हा नियम कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचा वाटतो.

गैरसमज: बाई कमी शिकते, म्हणून कमी कमावते.

अमेरिकेपुरतं तरी हे आज खरं नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिथली तफावत आता मुख्यतः एकाच पेशातल्या स्त्री-पुरुषांत आहे आणि बरीचशी पहिल्या मुलाच्या जन्मापासून वाढते, असं त्यांनी दाखवलं. हे शिडीने दाखवता येणार नाही, तिथे काळाची रेघ लागेल.

गैरसमज: तफावत नेहमी आकड्यात सापडतेच.

बीडहून ऊसतोडीला निघालेलं जोडपं म्हणजे एक ‘कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादम देतो ती जोडप्याला मिळून, आणि बहुधा नवऱ्याच्या हाती. मोळ्या बांधणं, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणं यात बाई बरोबरीने असते. हिशोब मात्र टनावर आणि कोयत्यावर. तिची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही, मग तुलना कशाची करणार? इथे आलेख काढण्याआधी विद्यार्थ्यांनी फडात जावं, दिवसभरात कोण काय काम करतं ते तासागणिक रेखाटावं, आणि शेजारी उचलीच्या हिशोबाचा कागद जसाच्या तसा लावावा.