कर्जाचा हिशेब झाला, माणसांचा कोण करणार?

मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार असो की अंबरनाथहून रोज मुंबई गाठणारा चाकरमानी, दोघांचेही आयुष्य लोकलशी बांधलेले आहे. ही लोकल सुधारावी म्हणून जागतिक बँकेने २००२ साली मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला सुमारे ५४ कोटी डॉलर मंजूर केले. कुर्ला-ठाणे दरम्यान जादा मार्ग झाले, नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या. दारात लोंबकळणाऱ्या प्रवाशाला याचा फायदा झाला, हे नाकारण्याचे कारण नाही.

पण प्रकल्प यशस्वी झाला की फसला, हे कोणत्या मापाने ठरवायचे? रूळ, डबे आणि पैसा मोजणे सोपे असते. या रुळांसाठी आणि सांताक्रूझ-चेंबूर, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यांसाठी ज्यांची घरे-दुकाने तुटली, ती माणसे सुरुवातीच्या हिशेबात ८० हजारांच्या आसपास होती. पुढे हा आकडा १ लाख २० हजारांवर गेला. म्हणजे सुमारे ४० हजार माणसे कागदावर नव्हतीच!

२००४ साली कुर्ल्याच्या दुकानदारांनी बँकेच्याच तपासणी पॅनेलकडे दाद मागितली. पुनर्वसनाची तयारी अपुरी होती, बाधितांची संख्या कमी धरली गेली आणि बुडालेल्या रोजगाराचा नीट विचार झाला नाही, असे पॅनेलच्या चौकशीत निघाले. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाचा निधी रोखला. सुधारणांची हमी मिळाल्यावर जूनअखेर तो पुन्हा सुरू झाला.

हे पॅनेलही कोणाच्या मेहेरबानीने मिळालेले नाही. सरदार सरोवराच्या पाण्याविरुद्ध आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी लढले. १९९२ साली मोर्स समितीने बँकेचे वाभाडे काढले, १९९३ साली भारत सरकारने उरलेल्या कर्जावर पाणी सोडले आणि त्याच वर्षी बँकेला हे पॅनेल नेमावे लागले. बुडणाऱ्यांनी लढून मिळवलेला हा हक्क आहे.

अर्थशास्त्रज्ञ असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रत्येक माणसाचे मूल्य समान मानले. याच कसोटीवर प्रकल्प तपासला पाहिजे. रेल्वेने वाचवलेल्या मिनिटांची नोंद होते. मग मानखुर्दच्या इमारतीत गेलेल्या घरकामवालीची सुटलेली कामे का नोंदली जात नाहीत? कर्ज तर तिच्याही करातून फिटणार आहे.

आज कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाचे आणि चिखलोली स्थानकाचे काम हाती घेतलेले आहे. पैसा कोणाचाही असो, आपण तीन गोष्टी मागितल्या पाहिजेत. बाधितांची यादी कामाआधी वस्तीत जाहीर करा. मूल्यमापनाचा अहवाल मराठीत द्या. आणि पाच वर्षांनी परत येऊन त्याच माणसांना विचारा, कसे चालले आहे? त्यांचे उत्तर घेतल्याशिवाय प्रकल्प यशस्वी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.